इंदूर ते पुणे विमानानं: पाचशे किलोमीटरला सव्वा तास का लागतो

इंदूर–पुणे हवाई अंतर नेटवर शोधलं की वेगवेगळे आकडे सापडतात. कुठे ४९८, कुठे ५००, कुठे ५११, कुठे २७०, तर कुठे ३११. यातला एकही चुकीचा नाही. २७० हे नॉटिकल मैल आहेत, ३११ हे साधे मैल आहेत आणि ५०० किलोमीटर. तिन्ही मिळून एकच अंतर. ५११ येतं तेव्हा मोजणाऱ्यानं इंदूरच्या राजवाड्यापासून पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत रेघ ओढलेली असते. इंदूरचा विमानतळ राजवाड्याच्या पश्चिमेला आहे आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ शनिवारवाड्याच्या ईशान्येला, म्हणजे इंदूरच्याच बाजूला. त्यामुळे विमानतळ ते विमानतळ अंतर दहा-अकरा किलोमीटरनं कमी भरतं. राहिला ४९८ आणि ५०० मधला फरक. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर ५०० येतात, ध्रुवांकडे ती चपटी आहे हे हिशेबात घेतलं तर ४९८ च्या आसपास. प्रवाशाला या दीड-दोन किलोमीटरचा काही उपयोग नाही.

हे अंतर घरी कागदावर काढता येतं आणि एकदा जमलं की कुठल्याही दोन शहरांचं काढता येतं, म्हणून रीत सांगून ठेवतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. पुणे १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.१४ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, म्हणून ४.१४ गुणिले ६०, साधारण २४८. रेखांशांतला फरक १.८८ अंश. पण रेखांश ध्रुवांकडे जाताना जवळ जवळ येत जातात, त्यामुळे इथे नुसतं ६० नं गुणून चालत नाही. दोन्ही अक्षांशांची सरासरी (२०.६५) काढायची, तिचा कोसाइन घ्यायचा (०.९३६) आणि त्यानंही गुणायचं. १.८८ गुणिले ६० गुणिले ०.९३६, म्हणजे साधारण १०६. आता काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम. २४८ चा वर्ग आणि १०६ चा वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की २७० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. २७० गुणिले १.८५२ बरोबर ५००.

याच रीतीनं इंदूर–दिल्ली ३५८ नॉटिकल मैल येतं, म्हणजे ६६३ किलोमीटर, आणि इंदूर–नागपूर ३८० किलोमीटरच्या आसपास. देशातल्या देशात ही रीत पुरते. लंडन–न्यूयॉर्कसारख्या लांब आणि उत्तरेकडच्या जोडीला ती लावली तर मात्र दोन-अडीचशे किलोमीटरची चूक निघते, तिथे गोलावरचं पूर्ण सूत्रच लागतं. लोकांची नेहमीची चूक एकच होते. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो आणि कोसाइन भलताच येतो. २० अंशांचा कोसाइन ०.९४ दिसला तर कॅल्क्युलेटर बरोबर लावलाय असं समजायचं.

आता ही रेघ जाते कुठून? इंदूरहून पुण्याची दिशा साधारण २०३ अंश, म्हणजे दक्षिणेला थोडी पश्चिमेकडे कललेली. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ माळव्याचं पठार सोडून खाली निमाडात उतरते आणि नर्मदा ओलांडते ती जवळजवळ महेश्वरवरूनच. पुढे सातपुडा, मग तापी, मग अमळनेर. चाळीसगाव आणि मालेगाव यांच्या मधून ती दक्षिणेला येते, कोपरगावपाशी गोदावरी ओलांडते, शिर्डीवरून जाते आणि संगमनेर उजव्या हाताला ठेवून लोहगावला पोचते. अहिल्याबाईंच्या नावाच्या विमानतळावरून निघालेली रेघ पहिल्या काही मिनिटांतच त्यांच्या राजधानीवरून जाते, याचं इंदूरच्या मराठी माणसाला अप्रूप वाटणारच. प्रत्यक्ष विमान काही या रेघेवर चालत नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गानं, नकाशावरच्या ठरावीक बिंदूंवरून जातं आणि चढताना-उतरताना वळणं घेतं. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर या रेघेपेक्षा नेहमीच थोडं जास्त भरतं. दिवसाच्या फ्लाइटला खिडकी मिळाली आणि आकाश स्वच्छ असलं, तर मात्र ही नद्यांची क्रमवारी मनात ठेवून आपण कुठे आहोत हे अंदाजानं कळतं.

मुख्य प्रश्न वेळेचा. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ पूर्ण उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास चालतं. ५०० भागिले ८३० केलं की ३६ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र सव्वा तास लिहिलेला असतो. मग मधली चाळीस मिनिटं जातात कुठे? बरेच जण म्हणतात की कंपन्या वेळ फुगवून लिहितात. थोडी मोकळीक त्या ठेवतात हे खरं, पण ती काही मिनिटांचीच. बाकीचा वेळ खराच लागतो.

विमान ८३० च्या वेगानं या मार्गावर फार थोडा वेळ चालतं. १०,००० फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. त्याच्या वर वेग वाढत जातो, पण विमान चढत असतं तोपर्यंत पूर्ण वेग येत नाही. या मार्गावर पायलट साधारण २८,००० ते ३२,००० फुटांची उंची घेतात, ३६-३७ हजारांची नाही. तिथवर चढून लगेच उतरायला लागायचं तर त्यात इंधनाचा फायदा होत नाही. (जाताना सम हजार, येताना विषम हजार. दक्षिण-पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना २८, ३०, ३२ हजार, तर उत्तर-पूर्वेकडे येणाऱ्यांना २९, ३१ हजार, म्हणजे समोरासमोरची विमानं आपोआप वेगळ्या उंचीवर राहतात.)

३०,००० फूट धरून हिशेब करू. तिथवर चढायला साधारण १८ मिनिटं आणि १०० नॉटिकल मैल लागतात. उतरायचं गणित पायलटांकडे सोपं आहे. जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात करायची. ३० गुणिले ३ म्हणजे ९०, वर वेग कमी करायला दहा. म्हणजे उतरतानाही १०० नॉटिकल मैल. २७० मधून दोन्हीकडचे शंभर-शंभर गेले, उरले ७०. या ७० मैलांना ९-१० मिनिटं लागतात. संपूर्ण प्रवासात विमान पूर्ण वेगानं सरळ चालतं ते एवढंच. नकाशावर पाहिलं तर तापी ओलांडताना चढणं संपतं आणि येवला-वैजापूरच्या मधे कुठेतरी उतरणं सुरू होतं. ‘सीट बेल्ट’चा दिवा विझल्यावर चहा-कॉफीची ट्रॉली एकदाच धावत फिरते आणि कचऱ्याची पिशवी लगेच मागोमाग येते, ती यामुळेच.

म्हणजे चढताना १८ मिनिटं, वर १०, उतरताना २०, आणि धावपट्टीच्या रेषेत यायला वळणं घेण्यात ५-६. चाकं जमीन सोडल्यापासून जमिनीला लागेपर्यंत सुमारे ५४ मिनिटं. पण तिकिटावरची वेळ चाकं सुटण्याची आणि टेकण्याची नसते. विमान गेटवरून किंवा पार्किंगमधून हललं की ती सुरू होते आणि पुण्याला जागेवर थांबलं की संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. पुशबॅक (विमान मागे ढकलणं) आणि इंजिनं सुरू करणं ५ मिनिटं, धावपट्टीपर्यंत जाणं ८, पुण्याला उतरल्यावर जागेवर पोचणं ५. ५४ मध्ये हे १८ मिळवा, ७२ मिनिटं झाली. कंपनी त्यात थोडी मोकळीक घालते आणि सव्वा तास लिहिते. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे धरली तरी वेळापत्रकात तुम्हाला साधारण १ तास १० पासून १ तास २५ पर्यंतचे आकडे दिसतील.

धावपट्टीची दिशा यात आणखी चार-पाच मिनिटांचा फरक घालते आणि तो फरक जाताना-येताना सारखा नसतो. इंदूरची धावपट्टी ०७/२५ आहे. म्हणजे एका बाजूनं ७० अंशांकडे तोंड, दुसऱ्या बाजूनं २५० अंशांकडे. विमानं शक्यतो वाऱ्याच्या समोर उडतात आणि वाऱ्याच्या समोर उतरतात. वारा पश्चिमेकडून असला, जसा पावसाळ्यात असतो, की उड्डाण २५ वरून होतं. पुण्याची दिशा २०३, म्हणजे डावीकडे सत्तेचाळीस अंश वळलं की झालं. वारा पूर्वेचा असेल तर विमान ७० अंशांकडे, देवासच्या बाजूला तोंड करून उडतं आणि मग जवळजवळ उलटं फिरावं लागतं. पुण्याला धावपट्टी १०/२८. उत्तरेकडून येणाऱ्याला २८ वर उतरणं सोयीचं, १० वर उतरायचं तर शहराच्या पश्चिमेला जाऊन परत वळावं लागतं. परतीच्या प्रवासात हेच उलटं होतं. पश्चिमेचा वारा असेल तर पुण्याहून येणाऱ्या विमानाला इंदूरच्या पूर्वेला जाऊन, मागे वळून २५ वर उतरावं लागतं. म्हणून पावसाळ्यात जातानाचा प्रवास आटोपशीर आणि येतानाचा थोडा लांबल्यासारखा वाटतो.

छोटं पंख्याचं विमान असेल तर? एटीआर-७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालतं, म्हणजे जेटपेक्षा सव्वातीनशेनं कमी. तरी या मार्गावर ते वीस-पंचवीस मिनिटंच जास्त घेईल, कारण जेटलाही आपला वेग दाखवायला दहाच मिनिटं मिळतात. इंदूरहून नागपूर-रायपूरसारख्या मार्गांवर हीच विमानं ठेवण्यामागचा हिशेब हा आहे. ७८ सीटचं विमान भरतं, इंधन बरंच कमी लागतं आणि वेळेचं नुकसान फारसं होत नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात आणि चाकांची मोठी बॅग विमानाच्या दारात काढून घेतली जाते. उतरल्यावर ती परत मिळायला पाचेक मिनिटं उभं राहावं लागतं.

आता गंमत बघा. वरच्याच रीतीनं इंदूर–मुंबई काढलं तर ५०६ किलोमीटर येतं. नवी मुंबईचं काढलं तर ५०२-५०३. म्हणजे पुणे, मुंबई आणि नवी मुंबई, तिन्ही विमानतळ इंदूरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. कंपास घेऊन इंदूरवर टोक ठेवलं तर तिन्ही एकाच कमानीवर येतील. तरीही मुंबईच्या फ्लाइटला वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत, त्यामुळे एवढ्या मोठ्या विमानतळाचा कारभार खरंतर एका धावपट्टीवरच चालतो. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात लंबगोल फेऱ्या मारत थांबवतात. एका फेरीला साधारण चार मिनिटं लागतात. तीन फेऱ्या म्हणजे बारा मिनिटं, आणि खिडकीतून तोच डोंगर पुन्हा पुन्हा दिसायला लागला की समजायचं. कधी मुंबईत गर्दी आहे हे आधीच कळतं, तेव्हा आकाशात इंधन जाळण्यापेक्षा विमान इंदूरलाच थांबवून ठेवतात आणि उड्डाणाची नेमकी वेळ ठरवून देतात. दारं बंद होऊनही विमान हलत नाही आणि पायलट ‘मुंबईच्या एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी’ असं काही सांगतो, ते हेच. त्या वेळी हवाई सुंदरीला विचारून उपयोग नसतो, तिच्या हातात काहीच नसतं. पावसाळ्याआधी दरवर्षी मे महिन्यात मुंबईच्या धावपट्ट्या एखाद्या दिवशी दिवसा काही तास दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते, त्या दिवसाचं तिकीट टाळावं.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून निघू नका, विमानतळाचा कोड पाहा. जुन्याचा बीओएम, नव्याचा एनएमआय. पनवेल, खारघर, बेलापूर, वाशीकडे जायचं असेल तर नवा विमानतळ नक्कीच सोयीचा. पार्ल्याला किंवा बोरिवलीला जायचं आणि नव्या विमानतळावर उतरलात, तर आकाशात वाचलेला सगळा वेळ रस्त्यावर परत जाईल. जुन्या विमानतळाचंही टर्मिनल १ की २ हे तिकिटावर पाहून ठेवावं. दोन्ही टर्मिनल वेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान टर्मिनल २ वरून असेल, तर इंदूरहून टर्मिनल १ वर उतरणारी फ्लाइट घेताना मधे किमान तीन-साडेतीन तास ठेवावेत.

वाऱ्यामुळे वेळ वाढतो का, हा प्रश्न नेहमी येतो. वाढतो, पण पुण्याच्या मार्गावर जाणवेल इतका नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे असतात. समजा ते ६० नॉटचे आहेत. विमानाची दिशा २०३ आणि वारा २७० कडून, म्हणजे तो सरळ समोरून येत नाही, तिरका येतो. त्याचा समोरचा भाग फक्त २३ नॉट. पूर्ण उंचीवर आपण दहाच मिनिटं असतो, म्हणून फरक दोन-तीन मिनिटांचा. तोच वारा शारजाच्या मार्गावर सरळ नाकासमोर येतो. तिथलं अंतर २,०८० किलोमीटरच्या आसपास. ४५० नॉटनं चालणारं विमान जाताना जमिनीच्या हिशेबानं ३९० नॉटनं जातं, येताना ५१० नॉटनं. नुसत्या मधल्या प्रवासात जाणं आणि येणं यांत तीस-पस्तीस मिनिटांचा फरक पडतो. त्यात घड्याळाचा दीड तास मिसळला की तिकीट वाचताना गोंधळ होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ इंदूरची असते आणि पोचण्याची शारजाची. सुटण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर जातानाचा प्रवास दीड तासानं कमी दिसेल आणि येतानाचा दीड तासानं जास्त. वजाबाकी करण्यापेक्षा तिकिटावर छापलेला ‘कालावधी’ वाचावा.

उन्हाळ्याचंही लोक विचारतात. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,८५० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४१ वर गेला की हवा विरळ होते आणि विमानाच्या दृष्टीनं आपण जणू ५,४०० फुटांवर असतो. विमानाला धावपट्टीवर जास्त धावावं लागतं, चढणही थोडी सावकाश होते. वेळेत फरक मिनिटभराचा पडतो. पण दुपारी दोन ते पाचच्या मधे तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे निमाडावर आणि सातपुड्यावर विमान चांगलंच हलतं. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर उन्हाळ्यात सकाळची फ्लाइट घ्यावी, पैसे थोडे जास्त पडले तरी.

आता उशिराची खरी कारणं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागून येणारं विमान. तुमचं विमान इंदूरला रात्रभर उभं नसतं. ते सकाळपासून दिल्ली, इंदूर, पुणे अशा फेऱ्या करत असतं आणि दोन फेऱ्यांच्या मधे त्याला तीस-चाळीस मिनिटंच मिळतात. सकाळी एका ठिकाणी अर्धा तास गेला की तो संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही, उलट वाढत जातो. म्हणून एरवी दिवसाची पहिली फ्लाइट सगळ्यात भरवशाची. डिसेंबर-जानेवारीत मात्र हे उलटं होतं, कारण पहाटेचं धुकं. साध्या प्रतीच्या यंत्रणेवर उतरायला धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. इंदूरला ऊन पडलेलं असलं तरी तुमचं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असू शकतं. या दोन महिन्यांत अकरानंतरची फ्लाइट निवडावी.

घरून निघण्याआधी हे तपासता येतं. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर फ्लाइट नंबर टाकायचा, व्हीटी नं सुरू होणारा विमानाचा क्रमांक पाहायचा आणि त्यावर बोट ठेवून ते विमान आत्ता कुठे आहे ते पाहायचं. सुटण्याच्या वेळेआधी किमान ३५ मिनिटं ते इंदूरला उतरणार नसेल तर उशीर होणार, कंपनीचा मेसेज येवो वा न येवो. पण यावर विसंबून घरून उशिरा निघू नका. विमान ऐन वेळी बदलतात आणि चेक-इनचा काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो.

पुण्याच्या बाजूला एक गोष्ट वेगळी आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. एटीसी हवाई दलाकडे, धावपट्टी त्यांची, आपली विमानं त्यांच्या वेळा सांभाळून ये-जा करतात. २०२४ च्या जुलैपासून नवं टर्मिनल वापरात आलं, त्यामुळे आतली गर्दी कमी झाली, पण धावपट्टी तीच आहे, २,५३५ मीटरची. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर थोडं थांबावं लागतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात दुपारनंतर वळवाचे ढग उठतात, तेव्हा विमान वळसा घालतं किंवा थांबून राहतं. फारच वेळ लागला तर मुंबईसारख्या दुसऱ्या विमानतळावर नेतात. विमानात पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि वर आणखी ३० मिनिटांचा राखीव साठा असतोच, त्यामुळे फेऱ्या मारणाऱ्या विमानात बसून इंधनाची काळजी करायचं कारण नाही.

घर ते घर हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून विमानतळ अर्धा तास. विमानाच्या १ तास ४० मिनिटं आधी पोचायचं, कारण चेक-इनचे काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतात आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. विमान सव्वा तास. पुण्याला बॅग घेऊन बाहेर यायला २५ मिनिटं आणि कोथरूडला पोचायला तास. एकूण ४ तास ५० मिनिटं, त्यातली आकाशातली फक्त ५४. सरळ रेघेचे ५०० किलोमीटर भागले तर वेग ताशी १०३ किलोमीटर पडतो. हिंजवडीला जायचं असेल तर संध्याकाळी आणखी अर्धा-पाऊण तास धरा.

त्यातला कमी करता येण्याजोगा वेळ म्हणजे बॅगेचा. ७ किलोत भागलं आणि वेब चेक-इन केलेलं असलं, तर इंदूरला काउंटरची रांग आणि पुण्याला पट्ट्यासमोरचं उभं राहणं, दोन्ही मिळून अर्धा-पाऊण तास वाचतो. चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा अ‍ॅप दोन्ही विमानतळांवर चालतं. त्यानं प्रवेशद्वाराची रांग टळते, सुरक्षा तपासणीची टळत नाही. ते आदल्या रात्री घरीच फोनवर लावून ठेवावं, दारात उभं राहून नव्हे.

शहरातल्या रस्त्याचंही पाहावं लागतं. बडा गणपतीवरून एरोड्रम रोड हा जुना रस्ता आतल्या वस्तीला जवळचा, पण संध्याकाळी तुंबतो. विजय नगर, पलासियाकडून येणाऱ्यांनी सुपर कॉरिडॉर घ्यावा, किलोमीटर जास्त पडले तरी. रंगपंचमीला टोरी कॉर्नर, मल्हारगंज, राजवाडा हा सगळा भाग गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, बंद असतो, आणि तो नेमका विमानतळाच्या रस्त्यावरच आहे. त्या दिवशी सकाळी नऊनंतर निघायचं असेल तर शहराच्या बाहेरूनच जावं आणि पाऊण तास जास्त ठेवावा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (चित्ररथ) असतात, तेव्हाही तेच.

तुलनेला रस्ता सुमारे ६०० किलोमीटर, सेंधवा, शिरपूर, धुळे मार्गे, ट्रॅव्हल्सची बस रात्रीत अकरा-बारा तास घेते. रेल्वे उज्जैन, रतलाम, वडोदरा, सूरत, वसई, कल्याण असा वळसा घालते आणि सोळा-सतरा तास लावते. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो झाला की रेल्वेचा हा वळसा संपेल.

शेवटी ब्लॉक टाइमचा एक उपयोग, जो फार कमी प्रवाशांना माहीत असतो. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांत भरपाई किलोमीटरवर ठरत नाही, ब्लॉक टाइमवर ठरते. वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५०० आणि त्याहून लांबच्या फ्लाइटला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली जी रक्कम कमी असेल ती. इंदूर–पुणे सव्वा तासाचं, म्हणून मधल्या गटात येतं. धुकं, वादळ, एटीसीची अडवणूक असल्या कारणांना ही भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट हे दोन्हीतलं एक द्यावंच लागतं आणि निवड तुमची असते. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला की खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर जाऊन स्वतःहून मागावं लागतं. रद्द झाल्याचा मेसेज किती वाजता आला त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्या वेळेवरच होतो.